दोन राण्या आणि माझा रुबाब

आमच्या घरी रमीचा नियम साधा होता. वाटताना एक पान जरी उघडं पडलं, तरी आजी म्हणायची, "आण इकडे, पुन्हा पिस." तोच हिशोब डोक्यात ठेवून मी पणजीला मांडवीतल्या एका कॅसिनो बोटीवर होल्डेम या पोकरच्या प्रकाराच्या टूर्नामेंटला बसलो.

पहिल्याच तासात डीलरच्या हातून माझं पान उलटं पडलं. इस्पिक एक्का! मी "मिसडील" (वाटप चुकलं, पुन्हा वाटा) म्हणून मोकळा झालो. डीलर थांबलाच नाही. त्याने सगळ्यांची पानं वाटून संपवली, गड्डीवरचं पुढचं पान मला दिलं आणि माझा एक्का बर्न कार्डात, म्हणजे खेळाबाहेर बाजूला ठेवायच्या पानात, घातला. शेजारचा भिडू म्हणाला, "एक उघडं पडलं तर नुसतं बदलतात. दोन पडली, किंवा वाटपातलं पहिलं-दुसरंच पान दिसलं, तर डाव मोडतो." बदल्यात आली चौकट चव्वी. असो.

पुढे एकदा हातात दोन राण्या आल्या, बदाम आणि किलवर. माझ्याआधी बोलायचं होतं त्या दोघांनी पानं फेकली. रेझ (पैज वाढवणं) किती करावा म्हणून मी चिप्सची चळत उगाच खालीवर करत बसलो (रुबाब, दुसरं काय). तेवढ्यात स्मॉल ब्लाइंडवाला (वाटपाआधी सक्तीची छोटी पैज लावणारा) म्हणाला, "थांबा, पहिलं पान मला यायला हवं होतं. ते बटनवर गेलं." (बटन म्हणजे वाटपाची पाळी ज्याची, त्याच्यापुढची खूण.)

फ्लोअरवाले, म्हणजे नियमांचा निवाडा करणारे, आले. कोणाचं चुकलं हे त्यांनी विचारलंच नाही. कितीजण खेळून झाले, एवढंच विचारलं. खेळ टीडीएच्या नियमांनी चालला होता. टीडीए म्हणजे टूर्नामेंट चालवणाऱ्यांची संघटना, २००१ पासूनची. त्यांच्या नियमात मिसडीललाही मुदत आहे: पाळीने दोन चाली झाल्या आणि त्यातल्या एकीत तरी चिप्स पडल्या, किंवा कसल्याही तीन चाली झाल्या, की वाटप चुकलेलं असलं तरी डाव पुढे चालतो. इथे दोनच झाल्या होत्या, दोन्ही फोल्ड (पानं फेकणं), म्हणून डाव मोडायचा.

"अहो, पण ब्लाइंडच्या चिप्स पडल्यात की!"

"त्या सक्तीच्या, साहेब. चालीत धरत नाहीत."

म्हणजे मी नुसतं "कॉल" (पैजेइतक्याच चिप्स टाकतो) म्हटलं असतं तरी राण्या माझ्याच राहिल्या असत्या. अगदी फेकल्या असत्या तरी डाव टिकला असता!

पुन्हा वाटप झालं. बटन जागचं हललं नाही, ब्लाइंड्स तेवढेच. मला आली नव्वी आणि दुर्री. ती मात्र पाळी येताच झटक्यात फेकली.