प्रयोगकर्ता आज, प्रयुक्त उद्या

नागपुरात बी.ए.ला मानसशास्त्र घेतलेल्या प्रत्येकाला प्रॅक्टिकलची रीत ठाऊक आहे. दोघांची जोडी, एक प्रयोगकर्ता, दुसरा प्रयुक्त (म्हणजे ज्याच्यावर प्रयोग होतो तो), मग अदलाबदल. या अदलाबदलीचं मूळ जर्मनीतल्या लाइपझिग विद्यापीठात, विल्हेल्म वुंट यांच्या मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत आहे, आणि ते मुलांना पहिल्याच तासाला सांगायला हवं.

वुंट मूळचे वैद्यकाचे, हायडेलबर्गला शरीरक्रियाशास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांचे सहायक. पण शरीरक्रियाशास्त्रात प्राध्यापकाच्या जागा अडलेल्या होत्या, तत्त्वज्ञानात मिळत होत्या. १८७५ मध्ये ते लाइपझिगला तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले आणि प्रयोगाची सवय सोबत घेऊन गेले. १८७९ साली गरजू विद्यार्थ्यांच्या जुन्या भोजनगृहाच्या इमारतीत या प्रयोगशाळेचं काम सुरू झालं.

जर्मन विद्यापीठात पीएचडीसाठी स्वतःचं संशोधन लागायचं. म्हणजे प्रत्येकाला विषय हवा आणि प्रयुक्तही हवा. मग वर्गमित्रच एकमेकांसाठी बसत, स्वतः वुंटही बसत. प्रयुक्ताचा मान मोठा होता, कारण मनात काय घडलं ते नेमकं सांगायला सराव लागतो.

आवाज ऐकताच बोट हलवायला किती वेळ लागतो, असे प्रयोग चालत. हा वेळ मोजायला हिपचा क्रोनोस्कोप होता, सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत दाखवणारा. त्याची खोड विद्युतचुंबकात होती. प्रवाह जास्त झाला की लोखंडी पट्टी उशिरा सुटायची आणि वेळ फुगायचा. त्यामुळे ज्याचा पडण्याचा वेळ माहीत आहे असा हातोडा पाडून यंत्र पुन्हापुन्हा तपासावं लागे. १८८८ मध्ये लुडविग लांगे यांनी याहून महत्त्वाची गोष्ट दाखवली: लक्ष आवाजाकडे ठेवलं तर प्रतिक्रियेला जो वेळ लागतो, तो लक्ष बोटाकडे ठेवल्यावर सुमारे दशांश सेकंदाने कमी होतो. यंत्र तेच, माणूस तोच!

भारतात प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग १९१६ मध्ये कलकत्ता विद्यापीठात सुरू झाला. तो सांभाळणारे नरेंद्रनाथ सेनगुप्त हार्वर्डला शिकलेले होते.

प्रतिक्रियेचा वेळ मोजायला आपल्याकडे साधी पट्टीही पुरते. शून्याची खूण प्रयुक्ताच्या चिमटीत येईल अशी ती उभी धरा आणि सोडा. पकडलेलं अंतर सेंटिमीटरमध्ये घ्या, ४९० ने भागा, वर्गमूळ काढा. २० सेंमी म्हणजे ०.२० सेकंद, १५ म्हणजे ०.१७५. ‘तयार’ म्हटल्यावर दर वेळी सारख्याच अंतराने पट्टी सोडली तर प्रयुक्त अंदाजाने चिमटी मिटतो. १ ते ४ सेकंदांत थांबा बदलत राहा. पहिले ५ प्रयत्न सरावाचे, पुढचे २० मोजायचे. आवाजावरचा प्रयोग असेल तर एप्रिलमध्येही तेवढ्यापुरता कूलर बंद करा. त्याच्या घरघरीत आवाज मंद ऐकू येतो आणि प्रतिक्रिया लांबते.

आणि प्रॅक्टिकलच्या जर्नलमधला ‘अंतर्निरीक्षण अहवाल’, म्हणजे प्रयोगाच्या वेळी मनात काय घडलं त्याची नोंद, शेजारच्याचा उतरवून घेऊ नका. पट्टी सुटताना लक्ष पट्टीवर होतं की बोटांवर, हे प्रयुक्ताला तिथल्या तिथे विचारा आणि त्याच आकड्यासमोर लिहा.