बडोद्याहून धोलावीरा: छोटी दुर्बीण आणि अमावास्येच्या दोन रात्री

दांडिया बाजारातील आमच्या गच्चीवरून हिवाळ्यातही कृत्तिकांचे चार-पाचच तारे मोजता येतात. म्हणून १८ जानेवारी २०२६ ची मौनी अमावास्या रविवारी येत आहे हे पाहून मी, पत्नी आणि आई, असे आम्ही तिघांनी भाड्याची कॅम्पर व्हॅन घेऊन कच्छच्या रणातील खदिर बेटावर, धोलावीरा येथे, दोन रात्री काढण्याचे ठरवले. शनिवारी पहाटे निघून अहमदाबाद, विरमगाम, सामखियाळी, रापर असा साडेचारशे किलोमीटरहून अधिक प्रवास झाला. डिझेल आणि पिण्याचे पाणी रापरलाच भरून घ्यावे. मुक्कामाची जागा मात्र उजेडातच निवडावी, कारण रणातील मिठाचा थर वरून कठीण दिसला तरी खाली चिखल असतो आणि जड गाडी त्यात रुतते. आम्ही गावाजवळच्या खडकाळ जमिनीवर, मालकाला विचारूनच, गाडी उभी केली. हा सीमाभाग असल्याने ओळखपत्रे जवळ ठेवावीत आणि दुर्बीण कशासाठी आहे हे गावात आधीच सांगून ठेवावे.

आमच्याकडे १३० मिलिमीटर आरशाची, ६५० मिलिमीटर नाभीय अंतराची दुर्बीण आहे. पहिल्या रात्रीचे दोन तास आम्ही गाडीमुळेच गमावले. दुर्बीण दाराशेजारी मांडली होती. त्यामुळे आत कोणी कूस बदलली तरी पायरीवरचा दिवा लागे आणि डोळ्यांना अंधाराची झालेली सवय मोडून पुन्हा वीस-पंचवीस मिनिटे थांबावे लागे. शिवाय दिवसभर तापलेल्या गाडीच्या टपावरून उठणाऱ्या हवेमुळे मिथुन राशीतील गुरूचे पट्टे सतत थरथरत होते. रस्त्याच्या धक्क्यांनी आरशांची जुळणी बिघडली होती, ती वेगळीच. दुसऱ्या दिवशी आम्ही जुळणी उजेडात करून घेतली, गाडीतील दिव्यांवर लाल कागद चिकटवला, दुर्बीण तीस पावले दूर नेली आणि पाहण्यापूर्वी पाऊण तास उघड्यावर थंड होऊ दिली. फरक इतका मोठा होता की गुरूचे दोन्ही मुख्य पट्टे पत्नीला न सांगता दिसले.

त्या रात्री मृगातील तेजोमेघ २५ मिलिमीटरच्या नेत्रिकेतून (डोळा लावायच्या भिंगातून), म्हणजे २६ पट मोठा करून पाहिला. तो पंख पसरल्यासारखा दिसत होता. साडेअकराच्या सुमारास दक्षिण क्षितिजाच्या वर १३ अंशांवर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या मुठीपेक्षा थोड्या अधिक उंचीवर, अगस्त्य हा तेजस्वी तारा आला आणि आईने नकळत हात जोडले. मध्यरात्रीनंतर सप्तर्षी वर चढल्यावर तिला वसिष्ठ आणि अरुंधती दाखवली. अरुंधती निराळी असतेच, पण खुद्द वसिष्ठाचे दोन तारे झालेले पाहून ती कितीतरी वेळ नेत्रिकेपासून हलली नाही. मला स्वतःला या प्रवासात तेच दृश्य सर्वांत मोलाचे वाटते.

गाडीतच झोपण्याचा खरा लाभ पहाटे कळतो. गजर लावून साडेपाचला उठलो, तेव्हा नरतुरंग तारकासमूहातील ओमेगा सेंटॉरी हा सुमारे १७ हजार प्रकाशवर्षे दूरचा तारकागुच्छ दक्षिणेला दिसत होता. हॉटेलातून येणाऱ्याला त्यासाठी थंडीत पुन्हा रस्ता धरावा लागला असता. सहानंतर पहाट फुटू लागते, त्यामुळे उशीर करू नये.

परतताना एक काळजी अवश्य घ्यावी. रणातील धुळीत मीठ असते. आरशावर ती बसली तर कापडाने पुसू नये, ओरखडे पडतात. आम्ही रबरी फुग्याने हवा मारून ती उडवली आणि दवाने ओलावलेली नळी गाडीत पूर्ण वाळल्यानंतरच झाकणे लावली.