आभार मानून झाले तरी रेकॉर्डिंग बंद करू नका

द्राक्षाच्या मीटिंगा आता बऱ्याचशा ऑनलाइन होतात हे आपल्या नाशिक जिल्ह्यात कुणाला वेगळं सांगायला नको. लॉकडाऊनमध्ये सवय लागली ती लागलीच आणि चांगलंच झालं, कारण पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातले शास्त्रज्ञ असोत नाहीतर सांगलीतल्या तासगावकडचे जुने जाणते बागायतदार, एका संध्याकाळी दिंडोरी, निफाड, चांदवडची माणसं घरी बसून त्यांना प्रश्न विचारतात. आमच्या पिंपळगावच्या ग्रुपच्या मीटिंगांचं लॅपटॉपवरचं काम माझ्याकडे असतं. लिंक पाठवणं, लोकांना आत घेणं, "काका माइक बंद करा, मागून ट्रॅक्टरचा आवाज येतोय" हे सांगणं, आणि रेकॉर्डिंग. आज रेकॉर्डिंगबद्दलच लिहायचंय, कारण ते सगळीकडे होतं पण नंतर फार कमी ठिकाणी कामाला येतं, आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते. साहेबांच्या स्लाइड संपल्या, कुणीतरी आभार मानले, की होस्ट लगेच स्टॉप दाबतो. आणि खरी मीटिंग तिथून पुढे सुरू होते ना! स्लाइडमधलं बरंचसं पीडीएफमध्ये मिळतं, पुस्तिकेत मिळतं. पण "सर, बाग पोंग्यात आहे (म्हणजे नुकते कोंब फुटलेत), दोन दिवस पाऊस उघडत नाहीये, चिखलात ट्रॅक्टर आत जात नाही, आता फवारू कसं" याचं उत्तर तसंच्या तसं कुठल्या पुस्तिकेत सापडणार? ते त्याच संध्याकाळी, त्याच माणसाला दिलेलं असतं, आणि पुढच्या ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लांबला की तसल्याच अडचणीत अजून शंभर जण असतात. म्हणून माझं मत असं की एखादवेळी स्लाइडचा भाग सुटला तरी चालेल पण प्रश्नोत्तरं सुटता कामा नयेत.

मागच्या हंगामातलंच सांगते. फुलोऱ्यातल्या बागेत पाऊस झालेला आणि एका दादांनी बागेतूनच फोनवर मीटिंग जॉइन केली होती. पानावर पिवळट तेलकट डाग दिसत होते, सर म्हणाले पान उलटं करा, फोन अजून जवळ न्या, बॅटरी लावा. पान उलटलं तर बरोबर डागाच्या खाली पांढरी बुरशी, म्हणजे डावनी (डाउनी मिल्ड्यू) हा रोग. मग सरांनी डाग जुना आहे की चालू आहे हे कसं ओळखायचं ते त्या पानावरच दाखवलं. हे सगळं रेकॉर्डिंगमध्ये नीट दिसतंय कारण त्या वेळी स्क्रीन शेअर बंद केलं होतं आणि दादांचा व्हिडिओ मी पिन केला होता, म्हणजे माझ्या स्क्रीनवर मोठा करून ठेवला होता. स्लाइड चालू राहिली असती तर ते पान कोपऱ्यातल्या टिचभर चौकोनात गेलं असतं आणि नंतर बघणाऱ्याला काही कळलं नसतं. झूमवर लॅपटॉपमध्ये सेव्ह होणारं रेकॉर्डिंग होस्टला जसं दिसतं साधारण तसं होतं, क्लाउडवालं, म्हणजे झूमच्याच सर्व्हरवर सेव्ह होणारं, मात्र तुमचं पिन मानत नाही, तिथे स्पॉटलाइट लागतं, म्हणजे तो व्हिडिओ सगळ्यांच्याच स्क्रीनवर मोठा करावा लागतो.

आता थोडं तांत्रिक. झूमच्या फुकट अकाउंटवर रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवरूनच होतं, फोनवरून करायचं तर पैसे भरलेलं अकाउंट लागतं. फुकटात मीटिंग ४० मिनिटांनी तुटते आणि परत जॉइन केलं की रेकॉर्डिंगचा वेगळा फोल्डर तयार होतो, तेव्हा असे दोन-तीन तुकडे झाले तर त्यांना लगेच नंबर देऊन टाका. आणि मीटिंग संपल्यावर लगेच लॅपटॉप बंद करू नका, झूम त्यानंतर फाइल एमपी४ मध्ये बदलत असतं आणि मध्येच झाकण पाडलं तर रेकॉर्डिंग अर्धवट राहतं. गूगल मीटच्या साध्या जीमेल अकाउंटवर रेकॉर्डचं बटणच येत नाही, ते ठरावीक पेड प्लॅनमध्येच आहे आणि फाइल मीटिंग ठेवणाऱ्याच्या ड्राइव्हमध्ये जाते. त्यामुळे मीट वापरत असाल तर ओबीएस स्टुडिओ टाकून घ्या, फुकट आहे, स्क्रीन आणि आवाज दोन्ही घेतं. फक्त त्यात फॉरमॅट एमकेव्ही ठेवा. आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही, बॅटरी उतरलेला लॅपटॉप मध्येच बंद पडला तर साधी एमपी४ फाइल अख्खी वाया जाऊ शकते, एमकेव्हीत निदान तिथपर्यंतचं शिल्लक राहतं. नंतर ओबीएसमध्येच रीमक्स करून, म्हणजे नुसता फॉरमॅट बदलून, एमपी४ बनवता येते. सुरुवातीला अर्धा मिनिट रेकॉर्ड करून, ऐकून बघा, समोरच्यांचा आवाज येतोय ना, कारण बरेचदा आपला माइकच तेवढा रेकॉर्ड होतो.

परवानगीचं पण बोलायला हवं. रेकॉर्डिंग चालू झाल्याची सूचना झूम देतं पण ती इंग्रजीत, आणि आमच्या ग्रुपमधल्या किती जणांना ती कळते? मी सुरुवातीलाच मराठीत सांगते की रेकॉर्डिंग चालू आहे, ते ग्रुपमध्ये जाणार आहे, कुणाला आपला प्रश्न त्यात नको असेल तर मला वेगळा मेसेज करा. बाग फेल गेल्याचं, व्यापाऱ्याने पैसे बुडवल्याचं, सोसायटीच्या कर्जाचं बोलणं लोक ओघात करून जातात आणि ते नातेवाइकांच्या फोनवर फिरावं असं कुणालाच वाटणार नाही. असं बोलणं मी कापते, त्या माणसाने सांगितलं नसलं तरी कापते.

आणि मग ते लोकांपर्यंत पोचवणं. दोन तासांचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला तर कोण बघतंय! व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून २ जीबीपर्यंतची फाइल जाते हे खरं, पण शेतात नेटवर ती डाउनलोड कोण करणार. आम्ही यूट्यूबवर अनलिस्टेड टाकतो, म्हणजे लिंक असेल त्यालाच दिसतं, आणि खाली डिस्क्रिप्शनमध्ये कुठल्या मिनिटाला कुठला प्रश्न आहे ते लिहितो. पहिली वेळ शून्यापासून धरली आणि निदान तीन वेळा लिहिल्या की यूट्यूब त्याचे आपोआप भाग पाडतं. ही यादी करायला वेळ जातो, पण मीटिंग चालू असतानाच वहीत वेळ टिपली तर नंतर अख्खं परत ऐकावं लागत नाही. प्रश्न मात्र शेतकऱ्याच्या शब्दात लिहा, "रोग व्यवस्थापन" असं लिहिलं तर कुणी दाबत नाही, "फुलोऱ्यात पाऊस, डावनी" असं लिहिलं की पटकन सापडतं.

सोबत नुसता आवाज पण काढून ठेवते. व्हीएलसीमध्ये एमपी३ करता येते, बोलण्याला ३२ केबीपीएस पुरतं, तासाभराची फाइल साधारण १४-१५ एमबी होते. माझे सासरे फवारणी नसेल तेव्हा बागेत काम करताना तेच ऐकतात, व्हिडिओ ते उघडतच नाहीत.

एक गोष्ट मात्र अजिबात विसरू नका, तारीख. फाइलच्या नावात आणि व्हिडिओच्या पहिल्या ओळीत तारीख पाहिजेच. औषधांच्या शिफारशी बदलतात, द्राक्षासाठी लेबल क्लेम (म्हणजे त्या पिकावर वापरायची सरकारी मंजुरी) असलेल्या औषधांची जी यादी निघते, आपण अ‍ॅनेक्श्चर ५ म्हणतो ती, तिच्यात नवी औषधं येतात, काही निघून जातात, पीएचआय (शेवटची फवारणी ते काढणी यात ठेवायचे दिवस) बदलतो. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या म्हणजे वेलीची वाढ रोखणाऱ्या सीसीसीच्या रेसिड्यूमुळे (फळात उरलेल्या अंशामुळे) आपली द्राक्षं युरोपात अडकली होती आणि तेव्हा काय नुकसान झालं ते इकडच्या घराघरात माहीत आहे. तीन वर्षांपूर्वीच्या रेकॉर्डिंगमधला डोस ऐकून एक्स्पोर्टच्या बागेत कुणी फवारलं तर काय होईल विचार करा. म्हणून जुन्या व्हिडिओच्या वर मी ठळक लिहून ठेवते की औषध आणि डोस या वर्षीच्या यादीवर तपासूनच घ्या, छाटणी, डोळे, पानं, पाणी यावरचं बोलणं मात्र बिनधास्त ऐका.

एप्रिलमधल्या खरड छाटणीच्या मीटिंगसाठी प्रश्न आधीच मागवतोय यंदा, म्हणजे व्हिडिओची यादी निम्मी आधीच तयार होईल. कुणाकडे तुमच्या गावच्या जुन्या मीटिंगांची रेकॉर्डिंग पडून असतील तर त्यावर तारीख टाकून मला पाठवा, वेळा लिहायचं काम मी करते.