व्यवसाय: काही नाही

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी परवा सेतू केंद्रात गेले होते. ‘व्यवसाय’ या रकान्यात तिथल्या मुलाने न विचारताच ‘गृहिणी’ टाइप केलं. म्हटलं, अरे बाळा, मी लग्नच केलेलं नाही. त्याने ते पुसलं आणि लिहिलं, ‘काही नाही’. वाद घालायला वेळ नव्हता. शेजारच्या वहिनींना ‘तासाभरात येते’ सांगून परळहून निघाले होते, सव्वा तास होऊन गेला होता.

माझं हे ‘काही नाही’ पहाटे साडेचारला सुरू होतं. आई 91 वर्षांची, खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणावर. मी 68. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. तिच्या अंगाखाली तिचीच जुनी सुती नऊवारी दुहेरी घडी घालून ठेवलेली असते. पलीकडचं टोक मुठीत धरायचं, आपला एक गुडघा पलंगावर रोवायचा आणि तिला हळूच आपल्याकडे वळवायचं. नर्सिंग ब्युरोच्या मावशींनी शिकवलेली युक्ती. त्या बारा तासांचे 800 घ्यायच्या. तीन आठवडे परवडल्या.

दाखला हवा होता तो आईच्या श्रावणबाळ योजनेसाठी. वय 65 च्या वर, महिना 1500 रुपये, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत हवं. मला जुन्या नोकरीची, पीएफबरोबरच्या ईपीएस-95 योजनेची पेन्शन येते, महिना 2140. वर्षाचे झाले 25,680. म्हणजे आम्ही 4680 रुपयांनी श्रीमंत! लाडकी बहीण 65 लाच संपते, तेव्हा तिथेही मी नाही.

आणि योजनेचं नाव बघा. कावड खांद्यावर घेऊन चालला तो श्रावण. पैसे कावडीत बसलेल्यांना, ते योग्यच आहे. पण खांद्याचं काय? केरळात आश्वासकिरणम नावाची योजना आहे, तीत अंथरुणाला खिळलेल्या माणसाची काळजी घेणाऱ्याच्या नावाने महिना 600 रुपये ठरवलेत. रक्कम चिमूटभर, पण निदान रकाना तरी आहे.

विलायतेत तरी बरं असेल, असं वाटायचं. आतेबहीण लेस्टरला असते, नवऱ्याला अर्धांगवायू झालाय. तिथे आठवड्याला किमान 35 तास कुणाचं करणाऱ्याला केअरर्स अलाउन्स आहे, 2025-26 मध्ये आठवड्याला 83.30 पौंड. पण सरकारी पेन्शन त्याहून जास्त असली की तो हातात पडत नाही. दोन्ही एकदम मिळत नाहीत. हक्क कागदावर राहतो आणि ज्यांचं उत्पन्न फारच कमी, त्यांना त्या कागदाच्या जोरावर पेन्शन क्रेडिटमध्ये, म्हणजे गरीब म्हाताऱ्यांच्या सरकारी मदतीत, थोडी भर मिळते. हिला तीही नाही. फोनवर चिडून म्हणाली, ‘‘अगं, पेन्शन मी तेव्हाच्या नोकरीची घेते. आत्ता करतेय त्याचं काय?’’

माझंही तेच म्हणणं आहे.

घरी पोचले तेव्हा आई जागी होती. ‘‘आज ऑफिसातून उशीर झाला गं?’’ हल्ली ती मधूनच मला परत नोकरीला लावते.

‘‘हो, काम होतं,’’ म्हटलं, आणि हात धुऊन नऊवारीचं टोक धरलं.