हर्णै ते मालवण: फिरत्या घरातून खानावळी शोधताना

आमची कोकण उतरण आता मालवणपर्यंत आली आहे. या टप्प्यात एक नियम पक्का झाला: बाहेरचं जेवण दुपारचंच. खानावळीत मासा सकाळी येतो, वाटप (खोबऱ्या-मसाल्याचं वाटण) तेव्हाच होतं, सोलकढीही पानं मांडायच्या सुमारास काढलेली असते. रात्री बऱ्याच ठिकाणी तेच कालवण पुन्हा तापवून येतं. आपल्या राहायच्या गाडीत शेगडी असते, त्यामुळे रात्री मुगाची खिचडी टाकून निवांत झोपता येतं. लॉजवर उतरणाऱ्याला ही सोय नाही.

याला अपवाद हर्णै. तिथला लिलाव संध्याकाळीही भरतो. बोटी खोल पाण्यात उभ्या असतात, मासळी बैलगाड्यांतून किनाऱ्यावर येते आणि दिवे लागायच्या आत विकली जाते. त्यामुळे हर्णैत रात्रीचं ताटही ताजं मिळतं. लिलाव बघून मगच जेवायला बसावं. त्या दिवशी काय मागायचं ते आपोआप कळतं.

दाभोळला वाशिष्ठी ओलांडताना गाडी फेरीबोटीवर चढवावी लागते. लांब शेपटाच्या गाडीवाल्यांनी ओहोटीची वेळ टाळावी. पाणी उतरलं की धक्का आणि बोट यांच्यात चढ तिरपा होतो आणि मागचा भाग घासायची भीती असते. भरतीच्या वेळी गेलो, अलगद पार झालो.

गुहागरात आदल्या संध्याकाळी फोन करून किती पानं ते सांगावं लागतं. घरगुती खानावळीतल्या काकू मोजून रांधतात आणि ते योग्यच आहे. कुळथाची पिठी, डाळिंबीची उसळ, तूप सोडलेला उकडीचा मोदक. मासे नाहीत म्हणून गुहागर ओलांडून पुढे जाणाऱ्यांची मला खरोखर हळहळ वाटते.

मालवणात मात्र मुक्काम वाढवला. वाडीतल्या खानावळी सगळ्यात चांगल्या, पण तिथे गाडी नेऊ नये: दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, वर लोंबत्या वायरी, माडांच्या झावळ्या. मोठ्या रस्त्यालगत, कुणाची वाट अडणार नाही अशी जागा विचारून गाडी लावायची आणि चालत जायचं. चालताना कुठल्या घरातून कसला वास येतोय हेही कळतं!

एका खानावळीत सुरमई मागितली तर वाढणाऱ्या वहिनी म्हणाल्या, "सुरमय कालची आसा, बांगडो घेवा." महाग ताट सोडून स्वस्त ताट सुचवणारी खानावळ मिळाली की दुसरीकडे बघूच नये. बांगड्याचं तिखलं, म्हणजे तिखट कालवण आलं, सोबत उकड्या तांदळाचा भात. तिखल्यात तिरफळं होती, म्हणजे मसाल्यात घालायची उग्र वासाची सुकी फळं. बांगडा, तारली अशा उग्र वासाच्या माशांनाच ती घालतात, नाजूक पापलेटाला शक्यतो नाही. ठेचून टाकलेलं तिरफळ चावायचं नसतं, बाजूला काढायचं. नुसत्या वासाने रस्सा उभा राहतो. त्या जेवणासाठी मी पुन्हा एवढा किनारा उतरेन.

सोमवारी, गुरुवारी आणि संकष्टीला मासळी कमी असते. त्या दिवशी हट्ट न करता काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या मागाव्यात. मालवणी वाटपाची खरी ओळख मला तिथेच झाली.

पावसाळ्यात निघणाऱ्यांसाठी: 1 जून ते 31 जुलै या 61 दिवसांत यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. तेव्हा ताटात सुरमई दिसली तर ती बर्फातली असण्याची शक्यता जास्त. त्या दिवसांत कोंबडी-वडे खावेत, नाहीतर खाडीचे मासे विचारावेत.

पुढचा टप्पा वेंगुर्ला, शिरोडा, मग रेडी. वेंगुर्ल्याला बंदराजवळ सकाळी मासळी उतरताना उभं राहायचं, ती कुठल्या खानावळीत जाते ते विचारायचं आणि दुपारी तिथेच बसायचं, असं ठरवलंय.