तुम्ही विचारलंत म्हणून: गाणं फुकट, मग टी-शर्ट सहाशेला कसा?

आमच्या गाण्याच्या प्रत्येक कार्यक्रमानंतर टी-शर्टच्या टेबलाशी कोणीतरी हे विचारतंच. टी-शर्ट उलटापालटा करत, खांद्याची शिवण ताणून बघत. ‘गाणं तर आम्ही फुकट ऐकतो, मग हा सहाशेला कसा काय?’ त्याच्या मागोमाग मायेनं येणारा दुसरा: ‘अगं, गाण्याकडे लक्ष दे ना, हे दुकान कशाला मांडलंयस?’ आजवर हसून वेळ मारून नेली. आज लिहूनच टाकते.

आधी हिशोब, म्हणजे तो एकदाचा बाजूला होईल. तिरुपूरहून येणारा कोरा काळा टी-शर्ट, १८० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला १८० ग्रॅम कापड), आम्हाला १९० रुपयांना पडतो. एका रंगाची छपाई ६०. कुरियर आणि पिशवी ९०. उरले २६०, तेही विकला गेला तर. एम आणि एल हातोहात जातात, एस आणि डबल एक्सएल माझ्या पलंगाखाली मुक्कामाला असतात.

आणि गाण्याचं म्हणाल, तर स्पॉटिफायचा २०२४ पासूनचा नियम असा, की बारा महिन्यांत हजारदा वाजलं नाही तर त्या गाण्याचे पैसे नाहीत. आमच्या आठांपैकी पाच गाणी त्या रेषेखाली आहेत. बाकीच्या तिघांचे गेल्या वर्षी ११४० रुपये आले. गाणी तिथवर पोचवणाऱ्यांची वर्षाची फी याहून जास्त आहे. मी कुणाला दोष देत नाहीये, नियम सगळ्यांना सारखाच आहे. ‘मग बँडकॅम्पवर ठेव’, म्हणजे गाणी थेट ऐकणाऱ्यांना विकायच्या वेबसाइटवर, म्हणणारा एक मावसभाऊ कॅनडात आहे. तिथले पैसे विकणाऱ्याकडे पेपॅल या ऑनलाइन पैसे पाठवायच्या सेवेतून येतात, आणि पेपॅलनं भारतातल्या भारतातले व्यवहार १ एप्रिल २०२१ पासून बंद केलेत. म्हणजे टोरांटोचा माणूस माझं गाणं विकत घेणार आणि कोथरूडचा अडकणार. म्हणून टेबल, स्टीलचा डबा आणि डब्याला चिकटवलेला क्यूआर कोड.

झाला हिशोब. पण खरं सांगायचं तर तुमचा प्रश्न हिशोबाचा नसतोच, आणि मलाही तो हिशोबासाठी टोचत नाही. कॉलेजात असताना एका मित्राच्या बँडनं कॉफीचे मग विकायला ठेवले होते. ‘गाण्यापेक्षा मग बरा वाजतो,’ असं मी चारचौघांत म्हणाले होते. आज मी सिनेमा थिएटरबाहेर विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या चोपड्यांचा दाखला देते. संगीत नाटकांच्या पदांची पुस्तकंसुद्धा विकत मिळायचीच की! दाखला खोटा नाही. पण त्या चोपडीत गाणं असायचं. टी-शर्टावर फार तर एक ओळ असते.

तेव्हाच्या आमच्या बँडच्या टी-शर्टावरची ओळ होती ‘अजून दिवस बाकी आहे’. आमच्या त्यातल्या त्यात चाललेल्या गाण्याची. तिघांनी दहा-दहा हजार काढले आणि १२० टी-शर्ट छापायला दिले. फाइल मैत्रिणीनं बनवली होती, बिनचूक. छपाईवाल्यांनी ओळीचा आकार वाढवायचा म्हणून उघडी फाइल मागितली. ‘कर्व्ह करून पाठवा’ हे शब्द तेव्हा मी ऐकले नव्हते. अक्षरांचं चित्र करून पाठवायचं असतं, नाहीतर समोरच्याच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी कशीही उमटते, हे आता मला झोपेतून उठवलं तरी सांगता येईल. तेव्हा मी मजकूर तसाच पाठवला. त्यांनी छपाईची जाळी तयार करण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकला, खाली ‘ओके?’ मी रिक्षात होते. फोटो मोठा न करता अंगठा पाठवला.

कार्यक्रम एका गच्चीवर होता. चौदा विकले गेले, आम्ही हवेत. एक बाई टी-शर्ट अंगाला लावून बघत होत्या, आणि त्यांची पहिलीतली वगैरे असेल, मुलगी, बोट फिरवत एकेक अक्षर वाचत होती. अ, जू, न. मग थांबली. ‘आई, दविस म्हणजे काय?’

आई म्हणाली, ‘दिवस आहे गं ते.’

‘नाही, दविस आहे.’

दविसच होतं. वेलांटी ‘द’ सोडून ‘व’वर जाऊन बसली होती. टेबलावरचे सगळे उलगडून बघितले, जसं काही एखाद्यावर तरी ती जागेवर असेल. आम्ही तिघांनी, चौदा गिऱ्हाइकांनी, घड्या घालणाऱ्या माझ्या आईनं, सगळ्यांनी ‘दिवस’ वाचलं होतं, कारण आम्हाला ओळ पाठ होती. नुकतं वाचायला लागलेल्या पोरीनं तेवढं जे छापलंय ते वाचलं.

छपाईवाल्यांशी भांडायला गेले. त्यांनी न बोलता फोन काढून माझा अंगठा दाखवला.

त्या रात्री आमच्या गिटारवाल्यानं म्हटलं, ‘विकून टाकू. एवढं कोण वाचतंय?’ यावर मी उसळले असं मी नंतर बऱ्याच जणांना सांगितलंय. बँड तिथेच फुटला, असंही सांगितलंय. तो फुटला सहा महिन्यांनी, तालमीच्या जागेच्या भाड्यावरून. आणि त्या रात्री मी काही उसळले नाही. मी विचारलं, ‘नाशिकला किती न्यायचे?’

नाशिक आणि कोल्हापूर मिळून ४३ विकले. माहीत असताना. कोणीतरी ओळ नीट वाचतंय असं वाटलं की मी बोलण्यात गुंतवायचे: कापड किती छान आहे, धुतल्यावर आटत नाही. चालीत एक शब्द बसत नाही म्हणून आठवडा आठवडा अडून बसणारी मी. उधारी होती, दहा हजारांतले सहा आईचे होते, हे सगळं खरं आहे. पण त्या दिवसांत मी तुमच्या प्रश्नाला फार जोरात उत्तर द्यायचे, हेही खरं आहे. ‘हा गाण्याचाच भाग आहे,’ म्हणायचे.

कोल्हापूरहून परत आल्यावर मी थांबवलं. त्यात काही थोरवी नाही. तिथे एका गुरुजींनी टी-शर्ट हातात घेतला, वाचला, माझ्याकडे बघितलं आणि घडी मोडू न देता परत ठेवला. एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर मी कापडाचं कौतुक सुरू केलं असतं. राहिलेल्या ६३ पैकी बरेच आईनं फाडून पुसायला घेतले. ओट्यावर ‘अजून दवि’ एवढाच तुकडा कितीतरी दिवस होता.

आता वेगळी ओळ आहे, वेगळे छपाईवाले आहेत, फाइल कर्व्ह केलेली असते. विकते अजूनही, विकणारही आहे. यानं गाण्याचं भलं होतं की नुसतं भाडं सुटतं, याचं माझं उत्तर महिन्यागणिक बदलतं.

मागच्या महिन्यात दुसऱ्या रांगेत एकजण तो जुना टी-शर्ट घालून बसला होता, धुऊन धुऊन राखाडी झालेला. त्या ओळीला मी वर माइकच्या वायरीकडे बघत गायले. संपल्यावर तो टेबलाशी आला, नवा उचलला आणि म्हणाला, ‘गाणं फुकट आणि हा सहाशेला?’

मी त्याच्याकडून अडीचशे घेतले. त्यानं विचारलं का ते. स्टॉक संपवायचाय म्हटलं.