न निवळलेला माणूस

भांडी घासताना मी कानात जे लावतो ते बाहेर झिरपलं की घरच्यांना वाटतं हेडफोन फाटलाय. एकदा बायकोने एक बाजू स्वतःच्या कानाला लावून बघितली, अर्ध्या मिनिटात परत दिली आणि विचारलं, "हे असंच आहे की बिघडलंय?" मी म्हटलं असंच आहे. पण प्रश्न डोक्यात राहिला, कारण मी ऐकत होतो त्या टिमी व्हल्गर या गाणाऱ्या माणसाच्या सगळ्या कारकिर्दीवर एवढा नेमका प्रश्न मी कुठे वाचला नव्हता.

टिमी व्हल्गर, म्हणजे टिम लॅम्पिनेन, अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराचा. त्याचा सुरुवातीचा बँड क्लोन डिफेक्ट्स. गॅरेज पंक म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: दोनतीन कॉर्ड, दोनतीन मिनिटांचं गाणं, गाणारा गातोय की भांडतोय कळत नाही, आणि रेकॉर्डिंग मुद्दाम कच्चं ठेवलेलं, जसं काही माइक शेजारच्या खोलीत विसरलाय. क्लोन डिफेक्ट्स हे सगळं उत्तम करायचे. आणि वेळ पण बघा काय होती, २००१ ला तिथल्याच व्हाइट स्ट्राइप्स या बँडचं नाव जगभर झालं, सगळ्यांचे कान डेट्रॉइटकडे लागले, रेकॉर्ड कंपन्या त्या शहरातल्या गिटारवाल्यांना शोधत होत्या. अशा वेळी शहाणा माणूस काय करेल, गाणी जरा घासूनपुसून घेईल, एखादं चांगलं जॅकेट शिवेल. याने उलटी दिशा धरली.

आता एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली, तीही अल्बमची नावं एकाखाली एक लिहिल्यावर. २००१ चा 'ब्लड ऑन ज्युपिटर'. २००३ चा 'शेप्स ऑफ व्हीनस'. मग बँड संपला आणि ह्यूमन आय नावाचा नवा सुरू झाला, त्याचा पहिला अल्बम २००५ चा, बँडच्याच नावाचा. मग २००८ ला 'फ्रॅगमेंट्स ऑफ द युनिव्हर्स नर्स', २०११ ला 'दे केम फ्रॉम द स्काय', २०१३ ला चौथा, 'इनटू अननोन'. म्हणजे गुरू, शुक्र, अख्खं विश्व, आभाळातून आलेले कोणीतरी, आणि शेवटी अज्ञात. तो पंकवरून सायकेडेलिककडे, म्हणजे नशेत किंवा स्वप्नात असल्यासारख्या संगीताकडे 'वळला' असं आपण म्हणतो खरं, पण गडी पहिल्या अल्बमलाच गुरूवर जाऊन बसला होता! आवाजाला तिथे पोचायला थोडा वेळ लागला इतकंच.

ह्यूमन आयमध्ये नेमकं काय बदललं? गाण्याचा सांगाडा तोच आहे, रागीट आणि घाईतला. पण त्याच्यावर सिंथेसायझरचे आवाज सांडलेत, गिटार मध्येच विरघळते, गाणं संपतंय असं वाटतं तिथून ते भलतीकडेच चालायला लागतं. स्टेजवर मुखवटे, घरी बनवलेले विचित्र पोशाख. शांत डोळे मिटून ऐकायचं जे सायकेडेलिक संगीत असतं त्यातलं हे नाही, हे म्हणजे यान उडालं खरं पण आत सगळे भांडतायत.

आणि तो फाटका आवाज, ज्याला फझ म्हणतात, त्याचा जन्मच मुळात बिघाडातून झालाय. अमेरिकेतल्याच नॅशव्हिलला मार्टी रॉबिन्स या गायकाच्या, १९६१ मध्ये गाजलेल्या एका गाण्याचं रेकॉर्डिंग चालू होतं, ग्रेडी मार्टिन बेस वाजवत होता, आणि मिक्सिंगच्या यंत्रातला एक भाग खराब झाल्यामुळे त्याचा तुकडा चिरफाळलेला रेकॉर्ड झाला. पुन्हा करून दुरुस्त करायचं सोडून त्यांनी तो तसाच ठेवला. लोकांना आवडला. मग १९६२ मध्ये तो बिघाड मुद्दाम करून देणारी डबी बाजारात आली, मायस्ट्रो कंपनीची, पायाने दाबायची. आतलं काम अगदी साधं आहे, गिटारचा सिग्नल इतका वाढवायचा की सर्किटला तो झेपत नाही, लाटेची गोल टोकं वरखाली छाटली जातात, आणि त्या छाटण्यातून मूळ सुरात नसलेले कितीतरी वरचे सूर तयार होतात. म्हणजे आपल्याला खरखर वाटते ती खरंतर सुरांची गर्दी असते. तर बायकोच्या प्रश्नाचं खरं उत्तर 'दोन्ही' असं आहे. असंच आहे, आणि बिघडलेलं पण आहे.

डेट्रॉइटचं नाव आलं की पडकी घरं, बंद कारखाने, हे सांगितल्याशिवाय कोणाला लिहिताच येत नाही. मला त्याचा कंटाळा आलाय. हो, २०१३ च्या जुलैमध्ये त्या शहराने दिवाळखोरी जाहीर केली, आणि 'इनटू अननोन' त्याच वर्षी आला, पण म्हणून हा आवाज म्हणजे पडझडीचा आवाज असं जोडून टाकणं मला फार सोपं वाटतं. त्यापेक्षा या भागाची दुसरी एक खोड बघा. एमसीफाइव्ह या तिथल्याच बँडने १९६८ च्या ऑक्टोबरमध्ये डेट्रॉइटच्या ग्रँडी बॉलरूममध्ये आपला पहिला अल्बम लाइव्ह रेकॉर्ड केला, आणि त्याचा शेवट केला तो सन रा याच्या कवितेवरच्या अंतराळयानाच्या गाण्याने. सन रा म्हणजे तो जॅझवाला, जो आपण शनीवरून आलोय असं सांगायचा. जवळच्याच अ‍ॅन आर्बर गावच्या स्टूजेस या बँडने १९७० ला दुसरा अल्बम संपवला तो जवळजवळ पाच मिनिटांच्या नुसत्या गोंगाटावर, सॅक्सोफोन आणि गिटार आणि किंचाळ्या. मग फंक संगीतवाल्या जॉर्ज क्लिंटनची मंडळी, ज्यांनी पुढे स्टेजवर खरोखरचं यान उतरवलं. कोणी शनीवरून, कोणी यानातून. म्हणजे टिमी घर सोडून कुठे गेलाच नव्हता, तो गल्लीतल्या जुन्या खोडीला जागला.

मग हा माणूस माहीत का नाही कोणाला? माझं मत असं की निम्मा दोष नावांचा. क्लोन डिफेक्ट्स, मग ह्यूमन आय, आणि ते चालू असतानाच टिमीज ऑर्गॅनिझम. एकाच पाटीखाली वीस वर्षं दुकान चालवलं असतं तर गिऱ्हाईक जमलं असतं, याने दर वेळी पाटी बदलली. लेबलं, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपन्या, पण बदलत गेली, इन द रेड, सेक्रेड बोन्स, गोनर, सगळी छोटी आणि सगळी चांगली. आणि गंमत म्हणजे २०१५ ला टिमीज ऑर्गॅनिझमचा 'हार्टलेस हीदन' आला तो थर्ड मॅनवर, म्हणजे व्हाइट स्ट्राइप्सवाल्या जॅक व्हाइटच्या लेबलवर. ज्या लाटेवर तो बसला नाही ती लाट चौदा वर्षांनी त्याच्या दारात आली.

माणूस वयाबरोबर निवळतो अशी आपली एक समजूत असते, तुरटी फिरवल्यासारखा. पंकवाले तर जास्तच निवळतात, चाळिशीत आले की अ‍ॅकूस्टिक गिटार, स्टूल, मुलीवर लिहिलेलं गाणं. वाईट नसतं ते, मीही ऐकतो, कधीकधी रडतो पण. पण ओळखीतला प्रत्येक जण शहाणा होत चाललेला असताना कोणीतरी एक जण दर अल्बमला जास्त गढूळ होत जातो हे मला बरं वाटतं, का ते नीट सांगता येत नाही. मी स्वतः काही तसा नाही. मी बिलं वेळेवर भरतो.

तर ऐकायचंच असेल तर माझा सल्ला, क्रमाने ऐकू नका. आधी 'दे केम फ्रॉम द स्काय' घ्या, काहीच कळणार नाही, चालेल. मग सरळ मागे 'शेप्स ऑफ व्हीनस' वर या, तेव्हा त्या साध्या पंक गाण्यांच्या कडेकडेने काहीतरी वळवळताना ऐकू येईल जे आधी ऐकलं असतं तर निसटलं असतं. आणि पहिल्यांदा आवाज जरा कमीच ठेवा, नाहीतर हेडफोन दुरुस्तीला द्याल.